बैठक उठेपर्यंत

प्रवासाबद्दल लिहिणाऱ्याने निदान एखादा समुद्र तरी ओलांडलेला असावा, असं मला वाटतं. माझा प्रवास सांगलीच्या एस.टी. स्टँडवर सुरू झाला आणि सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातल्या एका गावात संपला. वाटेत विट्याजवळ आमच्या घरी एक मुक्काम. एवढ्याला प्रवास म्हणावं का, हे मलाच ठरवता येत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अब्बा गाद्या भरतात, आजोबा गावोगाव कापूस पिंजत फिरायचे. आजोबांनी माझ्यापेक्षा किती तरी जास्त मुलूख पाहिला असेल, पण त्यांनी एक ओळ लिहिली नाही. तेव्हा मी लिहायला बसलो हा आगाऊपणाच आहे. वाचणाऱ्यांनी पोटात घालावा. माझ्याबरोबर जो होता तो फार लांबून आला होता आणि त्याचं काम फार लांबचं होतं, एवढ्यासाठीच लिहितो.

सांगली

लाम माझ्या हॉस्टेलात वरच्या मजल्यावर राहतो. तो दक्षिण सुदानचा, इंजिनिअरिंग शिकायला आलेला. उंची इतकी की आमच्या मेसच्या दारातून येताना तो नमस्कार केल्यासारखा वाकतो. मेसवाल्या मावशींकडून तो मराठी शिकला, म्हणून त्याची मराठी मावशींसारखीच आहे. जेवणात मीठ कमी असलं की म्हणतो, "मावशे, आज लय सपक हाय गं."

राज्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी त्याच्या देशाचा विषय घेतला होता. त्याच्या भोवतालच्या देशांनी, म्हणजे इथिओपिया, केनिया, युगांडा, सुदान वगैरेंनी, मिळून एक गट केलेला आहे. दक्षिण सुदानात दोन मोठ्या नेत्यांचं भांडण पेटलं आणि गावंच्या गावं उठली, तेव्हा या गटाने दोघांना पुन्हापुन्हा समोरासमोर बसवलं आणि शेवटी करारावर सह्या करून घेतल्या. शेजाऱ्यांच्या गटाचा अशा भांडणांवर किती प्रभाव पडतो, हा माझा विषय. सर म्हणाले होते, "यश आणि मर्यादा असे दोन भाग कर." मी केले. यशाचा भाग मोठा झाला, आणि तो लाममुळे झाला. त्या करारानंतरच त्याची आई निर्वासितांच्या तळावरून सोबात नदीकाठच्या आपल्या गावी परतली होती. त्याच्या मामाने घर नव्या गवताने शाकारलं होतं. माझ्यासाठी याहून मोठा पुरावा दुसरा नव्हता.

मग रमजानाच्या सुरुवातीला लाम माझ्या खोलीत आला आणि कॉटवर बसला. आईने आपल्या आवाजात निरोप भरून फोनवर पाठवला होता. नदीच्या वरच्या अंगाला पुन्हा गोळीबार सुरू झाला होता. शेजारचे लोक होड्यांनी इथिओपियाच्या बाजूला निघाले होते. आई मामाला सोडून निघणार नव्हती आणि मामा निघायला तयार नव्हता.

"का?" मी विचारलं.

"मामा गावच्या शांतता कमिटीत हाय. करार झाला तवा प्रत्येक गावात कमिटी केली. आता शेजारी देशांची बैठक बसली हाय म्हणे. मामा म्हणतो, बैठक उठेपर्यंत कमिटीनं जागा सोडायची न्हाई. कमिटीच पळाली तर गाव कुणाच्या तोंडाकडं बघंल?"

"तू सांग ना त्यांना."

"मी कोण? शाळेत गेलेलं पोरगं. पाच वर्षं घरची गाय बघितली न्हाई मी." मग तोच म्हणाला, "मामा एकाच माणसाचं ऐकायचा. हिंदी डॉक्टर."

हा हिंदी डॉक्टर म्हणजे भारतीय सैन्याचा जनावरांचा डॉक्टर. शांतिसेनेबरोबर आपले जवान लामच्या गावी होते, आणि त्यांच्यातले काही जण गावातल्या गाईबैलांना औषधपाणी करायचे. लाम तेव्हा लहान होता. मिशीवाला एक शिपाई बैलाचं तोंड उघडून आत हात घालायचा, एवढं त्याला आठवत होतं.

मला एकदम अब्बांचं बोलणं आठवलं. खटाव तालुक्यातल्या एका निवृत्त सुभेदारांकडे ते दर दोन-तीन वर्षांनी गाद्या भरायला जात. सुभेदार सैन्यात जनावरांच्या दवाखान्यात होते, आफ्रिकेत जाऊन आले होते, आणि तिथल्या गाईंच्या गोष्टी सांगताना अब्बांना कापूस पिंजू देत नसत. मी अब्बांना फोन करून सुभेदार आफ्रिकेत होते त्या गावाचं नाव विचारलं. अब्बांनी ते अर्धवट, वेडंवाकडं उच्चारलं. लाम कॉटवरून उठून उभा राहिला आणि पंख्याला हात लागता लागता वाचला.

सुभेदारांच्या घरी फोन केला तर त्यांच्या पत्नीने उचलला. "ते बैठकीला बसल्यात. फोन घरीच ठिवून गेल्यात. तुमी या की पोरांनो, जेवायलाच या."

तिथेही बैठकच, म्हणून लाम हसला. त्या प्रवासात तो मोकळेपणाने हसला असं मला आठवतं, ते तेवढंच.

विटा

लामच्या डोक्याला एस.टी.चं दार लागलं, तेव्हा कंडक्टर म्हणाला, "पाव्हणं, तुमचं दीड तिकीट फाडावं लागतंय बघा." लामने कपाळ चोळत विचारलं, "मग दीड सीट देणार का, मामा?" अख्खी गाडी हसली. त्यानंतर विट्यापर्यंत त्याला खिडकीची जागा मिळाली.

बाहेर शाळू काढणीला आला होता. कुठे कणसं खुडून ठेवलेली, कुठे कडब्याच्या पेंढ्या उभ्या. लाम काचेला नाक लावून बघत होता. शाळू म्हणजे ज्वारी, आणि ज्वारी हेच त्याच्या घरचं धान्य. सांगलीत पाच वर्षं मेसच्या चपात्या खाऊन त्याला वाटत होतं की आपण ज्वारीच्या मुलखापासून फार लांब आलो. "इतक्या जवळ होती," तो म्हणाला. मला उगाच वाईट वाटलं. इतक्या वर्षांत मी त्याला एकदाही घरी नेलं नव्हतं. पत्र्याचं घर, त्यात कापसाची धूळ. आपल्याला लाज कशाची वाटते, हे पाहुणा घरी येईपर्यंत कळत नाही.

अम्मीने लामला पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "एवढ्या पोराला गादी पुरणार कशी?" अब्बांनी दोन गाद्या एकापुढे एक टाकल्या आणि टाके घालून जोडून टाकल्या. त्यांच्या दृष्टीने प्रश्न मिटला.

रोजा सोडायला खजूर, कलिंगड आणि कांदाभजी होती. प्रवासवर्णनात खाण्याचं वर्णन हवं म्हणतात. माझे दिवस उपवासाचे असल्यामुळे सूर्य मावळेपर्यंतची चव मला लामच्या चेहऱ्यावरूनच सांगावी लागेल. दिवसा त्याने अम्मीच्या हातची ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, आणि खाताना डोळे मिटून घेतले.

पाहुणा आलाय म्हटल्यावर गल्ली जमली. आमच्याकडची निम्मी माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात बाहेरगावी असतात. हिंदुस्थानात असं शहर नसेल जिथे विट्याकडचा माणूस भट्टी लावून बसलेला नाही. त्यामुळे नव्या मुलखाचं नाव ऐकलं की आमच्या लोकांच्या मनात पहिला विचार दुकानाचा येतो.

"काय पाव्हणं, तुमच्यात सोनं हाय का?" शेजारच्या बापूंनी विचारलं. बापू तीस वर्षं परमुलखात गलाईचं काम करून नुकतेच परत आले आहेत.

"हाय की. जमिनीत हाय."

"मग आमची पोरं येतील की. गलाईचं दुकान चालंल का?"

"चालंल, बापू. पण सोन्याशेजारी बंदूक बसलेली हाय."

"आन् सरकार?"

"सरकारच दोन हायत. मधी शेजारी बसल्यात मिटवायला."

बापूंनी मान हलवली. "शेजारी मिटवायला आला की आधी त्याच्या पायाकडं बघावं. चप्पल दारात काढतो, का पायात ठिवूनच आत येतो."

माझ्या प्रकल्पाच्या मर्यादा या भागात मी चार पानं लिहिली होती: एका शेजाऱ्याचं सैन्य एका बाजूने आत उतरलेलं, दुसऱ्याच्या जमिनीतून तेलाची पाइपलाइन गेलेली, तिसऱ्याच्या सीमेवर निर्वासितांचे तळ. पानं खोटी नव्हती. पण लाम शेजारी बसलेला असताना ती मला आठवू नयेत असं वाटत होतं.

सुभेदारांचं गाव

गावांची नावं मी लिहीत नाही. भांडण ताजं होतं आणि त्यातली माणसं आम्हाला जेवू घालणारी होती. येरळा नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यावर बंधारा आहे. त्याच्या वर एक गाव, खाली एक गाव. बंधाऱ्याच्या फळ्या घातल्या की पाणी वरच्या गावाला तुंबतं, काढल्या की खालच्याला मिळतं. फाल्गुनात दोघांनाही ते हवं असतं. त्या वर्षी कुणीतरी फळ्या काढून ओढ्यात फेकून दिल्या. मग वरच्या गावच्या पोरांनी खालच्या गावची दुधाची गाडी अडवली, आणि मग काठ्या निघाल्या. पोलीस येऊन गेले. शेवटी आजूबाजूच्या पाच गावांनी दोघांना बसवायचं ठरवलं. बैठक सुभेदारांच्या गावात, देवळापुढच्या मांडवात होती आणि सुभेदार तिचे मुख्य पंच होते.

आम्ही एक फाटा आधीच उतरलो. माझीच चूक. भर उन्हात शाळवाच्या रानातून चालत गेलो. मी पाण्याला शिवू शकत नव्हतो म्हणून लामनेही बाटली उघडली नाही. मी किती सांगितलं, तरी नाहीच.

सुभेदारांच्या घरी काकू आणि दारात बांधलेली खिलार बैलांची जोडी होती. लाम काकूंना नमस्कार करून सरळ बैलांकडे गेला. पांढऱ्याच्या मानेखालची लोंबती पोळी त्याने तळव्यावर घेतली आणि कानाजवळ काहीतरी पुटपुटला. परक्याला अंगाला हात लावू न देणारा तो बैल मान खाली घालून उभा राहिला.

"आवं, ह्यो तर घरचाच हाय," काकू म्हणाल्या.

तिथे लामने मला मामाच्या बैलाबद्दल सांगितलं. करड्या रंगाचा, पाठीवर पांढरा पट्टा. लहानपणीच त्याच्या डाव्या शिंगाला खाली वळण दिलेलं. गावात मामाला त्याच्या नावाने कुणी हाक मारत नाही, बैलाच्या रंगाच्या नावाने मारतात. "मामा म्हणतो, ह्या बैलाचा दोर मी मेल्यावरच दुसऱ्यानं धरायचा." आमच्याकडेही बैलावर जीव टाकणारी माणसं आहेत. पण बैलाच्या नावाने ओळखला जाणारा माणूस मी पाहिला नव्हता.

आम्ही मांडवाकडे गेलो. पंच मधोमध सतरंजीवर, वरचं गाव डावीकडे, खालचं उजवीकडे. पंचांच्या शेजारी ज्याच्या त्याच्या घरून आलेलं भाकरीचं गठुळं. बैठक संपेपर्यंत पंचांनी कुठल्याच बाजूचं पाणीदेखील प्यायचं नाही, असा तिथला रिवाज. आणि मांडवाच्या तोंडाशी एक मोठी टोपली, त्यात सगळ्यांचे फोन. हा रिवाज अलीकडचा होता. मागे एका भांडणात एका पंचाने घरी जाऊन मेव्हण्याला फोनवर दोन शब्द सांगितले होते. तो आवाज गावभर फिरला आणि मिटत आलेलं भांडण डोकी फुटेपर्यंत गेलं. तेव्हापासून बैठक उठेपर्यंत पंचाचा आवाज फोनमध्ये जायचा नाही, म्हणजे नाही.

आम्ही कडेला बसलो. खालच्या गावचे तात्या म्हणून एक म्हातारे उभे होते. सडपातळ, आवाज मात्र फुटलेल्या ताशासारखा.

"ह्या पंचात पूर्वेच्या गावचे आबा बसल्यात. त्यांच्या गावच्या विहिरी आमच्याच वढ्याच्या झऱ्यावर भरत्यात. आन् हे आमाला न्याय देणार व्हय? ज्याचा बांध लागतो त्याला पंच करायचा न्हाई, हे आमचा बा सांगून गेलाय!"

आबा शांतपणे म्हणाले, "मग मुंबईचा पंच आणू का, तात्या? त्याला वढा कुठला आन् गटार कुठलं ते तरी कळंल का?"

मांडव हसला. तात्याही हसले, पण बसले नाहीत.

मी लामकडे पाहिलं. त्याला सगळं समजत होतं. तो हळूच म्हणाला, "आमच्यात बी ह्याच्यावरच अडलं हाय."

दुपारी पंच भाकरी खायला उठले तेव्हा मी सुभेदारांपुढे गेलो. त्यांना सगळे आण्णा म्हणतात. उंच नाहीत, मिशा पांढऱ्या, पाठ ताठ. लामला बघून ते थबकले, आणि त्यांनी लामच्या भाषेत म्हटलं, "माले." म्हणजे शांती असो. आपल्या रामरामासारखं, आमच्या सलामासारखं. लामचा चेहरा असा झाला की मला दुसरीकडे बघावं लागलं.

मी काम सांगितलं. पण कसं सांगितलं, ते सांगायला हवं. पाच गावची वडीलधारी माणसं भोवती उभी, माझी जीभ उपवासाने कोरडी, आणि आयुष्यात मी कधी चारचौघांत बोललेलो नाही. मी म्हणालो, "आण्णा, याच्या मामांना तुमच्या आवाजात एक निरोप पाठवायचा आहे." गोळीबार म्हणालो नाही. होड्या म्हणालो नाही. वाटलं, बाकीचं संध्याकाळी निवांत सांगू.

आण्णांनी पंचांकडे पाहिलं.

"आवं, पाठवू द्या की," तात्याच म्हणाले. "आवाज कुठं जायचा, तर सुदानात. तिथं आमच्या फळ्यांचं कुणाला काय पडलंय?"

"तसं न्हाई, तात्या," आबा म्हणाले. "आज पाव्हण्याला सूट दिली, तर उद्या वरचं गाव म्हणंल आमच्या जावयाला बी द्या. नेम म्हणजे नेम. सांजंपतुर उठतीयाच की बैठक."

आण्णा लामला म्हणाले, "तू सांग बाबा. लय घाईचं आसंल तर मी पंचपद सोडून उठतो. मग कुणाची आडकाठी न्हाई."

सगळे लामकडे बघू लागले. आण्णा उठले असते तर बैठक मोडली असती, हे त्या मांडवातल्या प्रत्येकाला कळत होतं. ते लामलाही कळलं.

"नको, आण्णा," तो म्हणाला. "पंच उठला तर लोकं मरत्यात. मी बघितलंय. मी थांबतो."

माणसं खूश झाली. एकाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाणा हाय गड्या!" मला त्याचा अभिमान वाटला, आणि त्या अभिमानात मी गप्प राहिलो.

बैठक त्या संध्याकाळी उठली नाही. तात्या आबांच्या विहिरींवर अडून बसले.

रोजा सोडायच्या वेळी काकूंनी हुलग्याचं माडगं केलं होतं. ते गरम, आंबटसर माडगं प्यालं की रिकाम्या पोटात कुणीतरी मायेने हात फिरवल्यासारखं वाटतं. आण्णा जेवायला घरी आले. पंच असूनही घरचं जेवायला त्यांना मुभा होती. त्या वेळी लामने त्यांना सगळं सांगितलं: गोळीबार, आई, कमिटी, मामाचा हट्ट. आण्णांचा घास हातात राहिला.

"हे दुपारी का न्हाई बोललास, लेकरा?"

मी म्हणालो, "माझं चुकलं, आण्णा. मीच नीट सांगितलं नाही." त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"आत्ताच बोला," काकू म्हणाल्या. "आणा तो फोन. घरात कोण बघतंय?"

आण्णांनी हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाले, "घरातनंच फुटलं होतं की मागच्या बारीला. ज्यानं ते केलं, त्यानं बी असाच इचार केला आसंल, घरात कोण बघतंय."

"जाऊ द्या, आण्णा," लाम म्हणाला. "आजच्या राती मामा नदीवर न्हाईच येत रेंजला. उद्या सकाळीच ऐकंल." हे त्याने आण्णांना सांगितलं की स्वतःला, कोण जाणे.

मग दोघं त्या मुलखाबद्दल बोलत बसले. मी मधेच विचारलं, शेजाऱ्यांच्या त्या गटाचा काही उपयोग होतो असं तुम्हाला वाटतं का. प्रकल्पासाठी नव्हे, खरंच विचारलं.

"त्यांच्याबिगर बैठकच बसत न्हाई," आण्णा म्हणाले. "आमी लांबचे. आमचा मुक्काम संपला की आमी परत. आमाला दोन्हीकडची माणसं मानायची, पण आमचं ऐकून कुणी बंदूक खाली ठिवत नव्हतं. शेजाऱ्याचं ऐकून ठिवायचे, कारण त्याचीच त्यांना भीती. आन् त्याच भीतीपायी पुन्हा उचलायचे."

"मग काय करायचं?"

"ते मला कळलं आसतं तर मी बैलाच्या तोंडात हात घालून कशाला बसलो आसतो?"

लाम म्हणाला, "पण त्यांच्यामुळंच माझ्या आईनं घर बांधलं, आण्णा. तेवढं खरं." तो शेजाऱ्यांची बाजू घेत होता. त्या क्षणी ती घेणं त्याला भाग होतं.

आण्णांनी आणखी एक गोष्ट सांगितली. नसती सांगितली तरी चाललं असतं. "तुझा मामा मला आठवत न्हाई बघ. खोटं कशाला बोलू? वळवलेल्या शिंगाचे बैल लय बघितले. पांढऱ्या पट्ट्याचा एक होता, जिभेला फोड आलेला. त्याचा धनी माझा हात धरून लय वेळ उभा होता. तो तुझा मामा आसंल. नसंल बी."

"तोच," लाम म्हणाला.

पंगत

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर बैठक उठली. ठरलं असं की फळ्यांना कुलूप आणि किल्ली पाच गावांकडे आळीपाळीने. पहिली पाळी आबांच्या गावाला न देता शेवटची द्यायची, म्हणजे तात्यांच्या शब्दाचाही मान राहिला. टोपलीतले फोन माणसं आंबे निवडावे तशी चाचपून घेत होती. आण्णा कुणाच्या हातातला नारळही न घेता तडक आमच्याकडे आले. रेंज फक्त पाण्याच्या टाकीखाली होती. तिथे ते परेडला उभे राहावेत तसे उभे राहिले. लामने फोन त्यांच्या तोंडापुढे धरला.

ते त्याच्या भाषेतले येत होते तेवढे शब्द बोलले, अधेमधे अरबी, अधेमधे हिंदी. लामने मला नंतर अर्थ सांगितला. "माले, मामा. मी हिंदी डॉक्टर, जनावरांचा. पांढऱ्या पट्ट्याचा बैल कसा आहे? त्याला घे, बहिणीला घे आणि नदीपलीकडे जा. बैठक कधी उठेल, सांगता येत नाही. आमचीही लवकर उठली नाही. जित्राब जगलं तर गाव पुन्हा वसतं. मी पंच होतो, म्हणून उशिरा बोलतोय. रागावू नको."

निरोप गेला. पोचल्याची खूण आली नाही. लामने फोन उंच धरला. त्याच्या हाताएवढ्या उंचीवर त्या गावात दुसरं काही नव्हतं, टाकी सोडून.

दिवस मावळताना पंगत बसली. वरच्या गावाने खालच्याला वाढायचं, खालच्याने वरच्याला, असा समेटाचा रिवाज आहे. वांग्याचं कालवण, आमटी, भात, लापशी. तात्यांनी मला हाताला धरून बसवलं, आपल्या तांब्यातलं पाणी दिलं आणि लांबून बांग कानावर येईपर्यंत सगळी पंगत घास न उचलता थांबली. त्या गावात माझ्या धर्माची दोनच घरं आहेत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लाम माझ्या शेजारी बसून पानाकडे बघत होता.

"खा की रं लांबड्या," तात्या म्हणाले. "मिटलं आता."

"व्हय, तात्या," तो म्हणाला, आणि जेवला. चांगला जेवला. यजमानाच्या घरी पोट भरलं नाही तर त्याचा अपमान होतो, हे दोन्ही मुलखांत सारखंच आहे.

परत

माझा प्रकल्प पूर्ण झाला. यशाचा भाग मी कमी केला नाही, मर्यादांचा वाढवला नाही. कुठला शब्द कुठे हलवायचा, ते मला कळेना. त्या बंधाऱ्याच्या फळ्यांना अजून कुलूप आहे, असं अब्बांकडून कळतं. त्या कुलपाचा मला आनंद होतो, आणि झाला की लगेच लाजही वाटते. मी दुपारी दोन वाक्यं जास्त बोललो असतो तर आण्णा उठले असते, आणि कदाचित ते कुलूप लागलंच नसतं. हा हिशेब मला आजही सोडवता येत नाही.

लामच्या देशाबद्दल बातम्या येत राहिल्या. शेजारी देशांची बैठक झाली, त्यांनी चिंता व्यक्त केली, दोन्ही बाजूंनी संयम पाळावा असं आवाहन केलं, पुन्हा भेटायचं ठरवलं. त्याच्या गावाचं नावही एक-दोनदा आलं. घरच्यांचा मात्र आवाज आला नाही. लाम मेसमध्ये मिठाबद्दल बोलेनासा झाला. मावशी मला बाजूला घेऊन विचारायच्या आणि मी मान हलवायचो.

आमचा निकाल लागून गेला होता. आषाढ संपत आला होता. एका दुपारी लामने मला खोलीत बोलावलं. आईचा आवाज आला होता, सीमेपलीकडच्या तळावरून. तो एक एक वाक्य ऐकवून थांबायचा आणि मला मराठीत सांगायचा.

गोळीबार बाजारापर्यंत आला, तेव्हा मामाने आईला होडीत बसवलं. स्वतःचा फोन तिच्या पदरात बांधला. तो कमिटी बसायची त्या झाडाखाली परत निघाला. म्हणाला, बैठक उठली की येतो. हे आमच्या निरोपाआधी की नंतर, कोणत्या दिवशी, ते आईला सांगता येत नव्हतं. लामने तिला नंतर दोनदा विचारलं, मीही मनात दिवस जुळवत होतो. ते जुळले नाहीत. पलीकडे गेल्यावर फोन कित्येक दिवस बंदच होता. कुणीतरी चार्ज करून दिला तेव्हा त्यातून एकदम हिंदी डॉक्टरचा आवाज आला. तळावरची गावची माणसं गोळा झाली. त्यांनी तो पुन्हापुन्हा ऐकला. मामाची काही खबर कुणाकडेच नव्हती.

शेवटचं वाक्य लामने पुन्हा एकदा लावून ऐकलं. खिडकीतून तो खाली रस्त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आई म्हणते, होडीत बसताना मामानं बैलाचा दोर तिच्या हातात दिला. म्हणते, जनावरांच्या डॉक्टरला सांग, बैल पोचला."